आवाज गेला, हसू राहिलं

माझा आवाज गेला तेव्हा हसू मात्र जागच्या जागी होतं. खोकला होता. शिंक होती. उचकी तर अशी खणखणीत, की भिंतीपलीकडून शेजारीण विचारायची, "कोन आठवन काढून राहिलं वं एवढी?" पण एक साधा शब्द बोलायला तोंड उघडावं तर नुसती हवा. फुस्स! हसता येतं आणि बोलता येत नाही, हा काय प्रकार? भीती वाटायची ती वाटलीच, रडायचं तेवढं रडलेही. पण या सगळ्याच्या वर ते कोडं होतं. मला लहानपणापासून खोड आहे, घड्याळ बंद पडलं की आधी उघडून बघायची. आता मलाच उघडून बघायची पाळी आली होती.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आमच्या गल्लीतली एक शिक्षिका. वर्गात शिकवता शिकवता तिचा आवाज बसला तो उठेचना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तुमच्या घशात काही नाही, घरी जा. ती माझ्याकडे आली आणि कुजबुजत रडली. म्हटलं, बाई, डोळे पूस आणि बस. आधी माझं ऐक. तिला सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

जरा बोर्ड धर

मी नागपुरात ट्रंक ऑपरेटर होते. आता आकडे फिरवले की घरबसल्या मुंबई लागते. तेव्हा तसं नव्हतं. परगावी बोलायचं तर आमच्याकडे कॉल नोंदवायचा आणि वाट बघायची. तासभर, कधी दिवसभर. आम्ही बाया उंच बोर्डापुढे ओळीने बसायचो. कानाला हेडफोन, हातात कॉर्ड. समोर दिवा लागला की म्हणायचं, "नंबर प्लीज." मग एक कॉर्ड इकडच्या भोकात, दुसरी तिकडच्या, आणि इतवारी बाजारातला व्यापारी मुंबईच्या दलालाशी बोलायला लागला की आपण पुढच्या दिव्याकडे.

कॉल लागला तर आभार लाइनचे. नाही लागला तर शिव्या ऑपरेटरला. लोक चेहरा न बघता काय काय बोलतात, ते आमच्या कानांना विचारा. एकाने मला सांगितलं होतं, तुझ्या बापानं तुला विहिरीत ढकलायला पाहिजे होतं. का, तर कलकत्ता लागत नव्हतं!

त्यावर आमच्याकडे एक उपाय होता. कुठल्या नियमात लिहिलेला नव्हता. नवी मुलगी कामावर आली की जुनी ऑपरेटर तिला कॉर्ड कशी घालायची ते शिकवायची आणि त्याच दमात हेही शिकवायची. एखाद्या कॉलने आतून हललं, की हेडफोन काढायचा आणि शेजारणीला म्हणायचं, "जरा बोर्ड धर." तिने का म्हणून विचारायचं नाही आणि नाही म्हणायचं नाही. तिने हात लांब करून आपल्या कॉर्ड घ्यायच्या, स्वतःच्या सांभाळून आपलेही दिवे बघायचे. आपण मागच्या खोलीत जायचं. तिथे एक माठ होता. पाणी प्यायचं, भिंतीकडे तोंड करून त्या माणसाचा अस्सल वऱ्हाडीत उद्धार करायचा, तोंडावर पाणी मारून परत यायचं. त्या माठाने ऐकलेल्या शिव्या लिहून काढल्या तर पोथी होईल.

माझ्या शेजारच्या बोर्डावर सुशीला बसायची. नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतली. हात असा चपळ, की ती दोन्ही बोर्ड धरून वर मला शेंगदाणेही खाऊ घालायची.

घंटी

मग आणीबाणीचे दिवस आले. कमी बोला, जास्त काम करा, असे फलक ऑफिसाऑफिसांत लागले. आमच्याबद्दल वरपर्यंत तक्रारी गेल्या होत्या, त्यामुळे नव्या चीफ सुपरवायझर आल्या. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणायचो. त्याही एके काळी ऑपरेटरच होत्या, बोर्डावरूनच वर गेलेल्या. हॉलच्या टोकाला त्यांचं टेबल. तिथे बसून त्यांना आमच्यापैकी कोणाचीही लाइन ऐकता यायची. टेबलावर एक पितळी घंटी.

ठरलेली वाक्यं होती. नंबर प्लीज. लाइन व्यस्त आहे. कृपया प्रतीक्षा करा. तीन मिनिटं झाली. याच्यापलीकडे एक शब्द बोललात की टिंग! सगळा हॉल वळून बघायचा. पूर्वी मी सहज म्हणायची, "थांबा दादा, मी बघूनच राहिले." माणूस निवायचा. आता "थांबा" म्हटलं की टिंग. "दादा" म्हटलं की टिंग. आणि बोर्ड धरणं तर साफ बंद. मधल्या सुट्टीशिवाय कोणी जागेवरून उठायचं नाही.

त्या हिवाळ्यात सुशीलाला ॲसिडिटी झाली. पलीकडच्या पद्माचं डोकं दुपार झाली की ठणकायला लागायचं. एकीच्या अंगावर गांधी उठायच्या. जी ती आपापल्या औषधाची बाटली पर्समध्ये घालून यायची. कोणाला वाटलं नाही, की हे सगळं एकाच दारातून आलं असेल.

अमरावतीचा कॉल

तो माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो ओरडला नाही. त्याला अमरावती हवी होती. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, दवाखान्यात अडलेली, आणि अमरावतीची लाइन सकाळपासून पडलेली.

"बाई, लागलं का?"

"कृपया प्रतीक्षा करा."

थोड्या वेळाने पुन्हा दिवा. पुन्हा तोच. शेवटी म्हणाला, "तुम्ही फक्त एवढं सांगा, लाइन आज लागन का नाही? नाही तर मी एसटीनं निघतो ना बाई."

मला माहीत होतं. लाइनमन निघाले होते, पण संध्याकाळच्या आत काही होण्यासारखं नव्हतं. "दादा, तुम्ही एसटीनं निघा." एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं. मोठ्या बाईंची मान माझ्याकडे वळली. आणि मी म्हटलं, "कृपया प्रतीक्षा करा."

तो अगदी हळू म्हणाला, "बाई, तुम्ही माणूस आहा का मशीन?" आणि फोन ठेवला. पुढे त्याच्या बायकोचं काय झालं, मला आजतागायत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डावर बसले. पहिला दिवा लागला. कॉर्ड घातली, तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. पुन्हा उघडलं. नुसता वारा. कानात माणूस ओरडत होता, "हॅलो! हॅलो! अरे कोणी हाय का तिकडे?" सुशीलाने माझ्याकडे पाहिलं. मी गळ्याला हात लावला आणि मान हलवली.

संत्र्यांवर आळ

नागपुरात घसा बसला की आरोपी ठरलेला. "संत्री खाल्ली असशील!" डॉक्टर म्हणाले, शेजारणी म्हणाल्या, दूधवाला म्हणाला. सासूबाई तर आल्यागेल्याला सांगायच्या, "बापानं टोपलं भरून संत्री धाडली ना नरखेडहून, बसली खात!" नेमके त्याच वेळी माझे वडील एसटीने दुसरी टोपली घेऊन दारात. त्यांनी ते ऐकलं. टोपली खाली ठेवली, धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "विहीनबाई, माह्या बगीच्याच्या संत्र्यानं आजवर कोनाचा घसा धरला नाही. तुमच्या नागपूरच्या धुळीनं धरला असन." दोघांची अशी जुंपली की माझ्या आजाराकडे कोणाचं लक्षच राहिलं नाही. मी मधे बसून एक संत्रं सोललं आणि खाल्लं. गोड होतं.

हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, दृष्टही काढून झाली. घशाला आराम हवा, बोलायचं नाही म्हणून मला पाटी दिली. पण सासूबाईंना वाचता येत नव्हतं! मी पाटीवर "मीठ कुठे आहे?" लिहून धरावं आणि त्यांनी "छान अक्षर आहे वं तुहं" म्हणावं. मग आम्ही दोघींनी टाळ्या ठरवल्या. एक टाळी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि ताटलीवर चमचा म्हणजे इकडे या. जन्मात आमचं इतकं जमलं नव्हतं.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. पुढे नुसत्या हवेत शब्द घडवत मी कुजबुजायला लागले तसं सगळं घर कुजबुजायला लागलं. आमचे हे कुजबुजत. सासूबाई कुजबुजत. दूधवाला दारात येऊन माझ्या कानाशी लागून विचारायचा, "अर्धा लिटर का पाव?" कोणाला सांगितलं नव्हतं. आपोआप व्हायचं. मी प्रयोग करून पाहिले. अनोळखी माणसाला पत्ता विचारला तरी तो हळू आवाजात सांगायचा, कट असल्यासारखा. हे वाचणाऱ्यांच्या घरात असं कोणी असेल, तर कृपा करा आणि त्याच्याशी नेहमीच्या आवाजात बोला. कुजबुजणाऱ्या घरात आजारी माणसाला वाटतं, आपलं काहीतरी फार वाईट झालेलं आहे.

ई म्हणा

मोठ्या दवाखान्यात घशाच्या डॉक्टरांनी जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली. लांब दांडीचा इवलासा आरसा स्पिरिटच्या दिव्यावर गरम केला आणि पार आत घातला. "ई म्हणा." मी ई म्हटलं. हवा आली. भोवती शिकाऊ डॉक्टर उभे.

"घशात काही नाही," डॉक्टर म्हणाले. "आवाजाचे पडदे छान हलतात. आता खोकून दाखवा."

मी खोकले. खणखणीत.

"बघा. आवाज आहे."

शिकाऊंपैकी दोघं हसली. गाठ नाही, कॅन्सर नाही, हे ऐकून मी नाचायला हवं होतं. पण काही निघालं असतं तर निदान दाखवता आलं असतं. डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर दुसऱ्या विभागाचं नाव लिहून दिलं. मनोविकार. आमच्या ह्यांनी वाचलं, चिठ्ठीची घडी केली, आणखी एक केली, आणखी एक, आणि शर्टाच्या खिशात खोल सारली.

घरी सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "माय वं! पागलखान्यात धाडून राहिले का माह्या सुनेले?" मग माझ्याजवळ सरकून म्हणाल्या, "हे पाय, कोनाले सांगजो नको." आता मी कोणाला सांगणार होते? मला हसू फुटलं. मोठ्याने, आवाजासकट. दोघं माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या हसण्याची भीती वाटली.

हसू नडलं

आठवड्याने सुशीला भेटायला आली. मला बरं वाटावं म्हणून तिने वाटी आणि चमचा घेऊन मोठ्या बाईंची नक्कल सुरू केली. मान ताठ, ओठ आवळलेले. "शिंक आली? टिंग! शिंकेला परवानगी घेतली होती का? टिंग! टिंग!" मी पोट धरून हसले. सुशीलाचे डोळे भरले. "कुमुद! तुहा आवाज! आला का वं?"

ती बिचारी त्या आनंदात दुसऱ्या दिवशी सगळ्या हॉलला सांगत सुटली, की कुमुद हसली, चांगली मोठ्यानं हसली. ते टेबलापर्यंत गेलं. आणि मला बोलावणं आलं. डॉक्टरांच्या कमिटीपुढे हजर व्हायचं, ढोंग आहे का ते तपासायला.

सापळा बघा कसा होता. आवाज गेला म्हणावं, तर बिनआवाजाची ऑपरेटर कोण ठेवणार? नोकरी गेली. आवाज आहे म्हणावं, तर ढोंगी. तरी नोकरी गेली. ह्यांच्या मिलला तेव्हा टाळं होतं. घर चाललं होतं ते माझ्या "नंबर प्लीज"वर.

सुशीला रडत आली, माफी मागायला. मी तिला जवळ घेतलं. तिचा काय दोष? पण ह्यांचा मात्र राग आला. जेवण झाल्यावर ते माझ्यासमोर बसले आणि कुजबुजत म्हणाले, "कुमुद, रागावू नको. पण खरं सांग. तू मुद्दाम तर नाही ना करून राहिली?"

मी पाटी ओढली. "नाही" लिहायला घेतलं. आणि पेन्सिल थांबली. हसताना येतो तो आवाज माझाच ना? मग बोलताना कोण अडवून धरतं? मीच ना? मी पाटीवर लिहिलं, "माहीत नाही." सगळ्या आजारपणात मला सर्वांत वाईट काय वाटलं असेल, तर ते हे. लोक खोटं समजतात ते सोसता येतं. आपल्यालाच आपली शंका यायला लागली की पायाखालची जमीनच जाते.

ह्यांनी ते वाचलं. मग स्वतःच्या हाताने पाटी पुसली आणि नेहमीच्या आवाजात, चांगल्या मोठ्याने म्हणाले, "उद्या सकाळी जाऊ. त्या चिठ्ठीवाल्या डॉक्टरकडे." पुन्हा त्यांनी तो प्रश्न कधी विचारला नाही.

स्टेथोस्कोपची कॉर्ड

मला वाटलं होतं तिथे साखळ्या असतील. होतं काय, तर जिन्याखालची एक लहानशी खोली, टेबल, दोन खुर्च्या आणि एक डॉक्टरीणबाई. वयाने माझ्याएवढ्याच. मी पाटीवर आधीच लिहून नेलं होतं, "मी ढोंगी आहे का?"

त्यांनी वाचलं. "ढोंग करणाऱ्याला माहीत असतं, तो ढोंग करतोय ते. तुम्हाला माहीत आहे का?"

मी मान हलवली. नाही.

"मग झालं. तो विषय संपला. आता आवाज का गेला, ते मलाही माहीत नाही. शोधायचं?"

मला त्या बाई तिथेच आवडल्या. इतक्या दिवसांत "मला माहीत नाही" म्हणणारं आणि तरी पळून न जाणारं पहिलंच माणूस भेटलं होतं.

पहिले काही दिवस नुसता खोकला. खोका. आता खोकल्याची शेपटी लांबवा. खंऽऽ. ओठ मिटून, हंऽऽ. एक दिवस असा बारीक घुमल्यासारखा आवाज निघाला आणि माझे मलाच नाकात गुदगुल्या झाल्या. पण शब्द म्हणायला गेले की पुन्हा वारा.

मग एकदा त्या म्हणाल्या, "तुम्ही कामावर काय करता, ते करून दाखवा." मी त्यांचं टेबल माझा बोर्ड केला. स्टेथोस्कोप घेतला, तो कानाला लावला आणि त्याचीच नळी कॉर्ड म्हणून धरली. त्या गिऱ्हाईक झाल्या. काय ओरडल्या! मी हवेतल्या आवाजात म्हणत राहिले, कृपया प्रतीक्षा करा, कृपया प्रतीक्षा करा.

त्या मधेच थांबल्या. "प्रत्येक वेळी तुम्ही आधी काहीतरी गिळता. गळा हलतो. काय गिळता?"

मी विचार केला. शिव्या असतील, असं लिहिलं.

"मग उलट करू. मी ऑपरेटर. तुम्ही गिऱ्हाईक. द्या मला शिव्या."

त्यांनी स्टेथोस्कोप कानाला लावला. मी शिव्या द्यायला तोंड उघडलं. पण तोंडातून निघालं भलतंच. कुजबुजतच निघालं. "अमरावती लावा. माझी बायको दवाखान्यात आहे."

"कृपया प्रतीक्षा करा," त्या म्हणाल्या. कोरड्या, अगदी आमच्या हॉलसारख्या.

"बाई, लागलं का?"

"कृपया प्रतीक्षा करा."

"लाइन आज लागन का नाही, तेवढं तरी सांगा ना. मी एसटीनं निघतो."

"कृपया प्रतीक्षा करा."

"अवं बाई, मानसावानी बोल ना जराशी!"

खोलीत आवाज घुमला. जाडा, फाटका, घोगरा. दाराबाहेर बाकावर बसलेले आमचे हे धावत आत आले. मी टेबल धरून उभी होते आणि ढसाढसा रडत होते, आणि रडण्यालाही आवाज होता. डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

पुढे कितीतरी दिवस मी त्यावर विचार केला. मी गिळत होते त्या शिव्या नव्हत्याच. शिव्या गिळायची सवय जुनी होती. मी गिळत होते ते साधे शब्द. थांबा दादा. एसटीनं निघा. बघूनच राहिले. वाईट बोलायला बंदी असती तर मी मजेत जगले असते. मला चांगलं बोलायला बंदी होती.

मागू द्या की

कमिटीपुढे मी स्वतःच्या आवाजात नाव सांगितलं. घोगरं होतं, पण होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आजार खरा होता, तिथे परत तसंच बसवलं तर परत होईल. त्यांनी माझ्याकडून बोर्ड धरण्याची चाल ऐकली होती. म्हणाल्या, ती पुन्हा चालू करा, औषध तेच आहे.

मोठ्या बाई तिथेच बसल्या होत्या. "एकीला सवलत दिली की सगळ्या मागतील."

"मागू द्या की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कमिटीत बसलेल्या आमच्या ऑफिसच्या साहेबांनी मधला मार्ग काढला. महिनाभर कामावर घेऊन बघू. बोर्डावर आवाज गेला तर मग काही करता येणार नाही. बोर्ड धरण्याबद्दल ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

पहिल्या दिवशी सकाळ चांगली गेली. दुपारी एका कापसाच्या व्यापाऱ्याने मला सोलून काढलं, आणि मला गळ्यात ती ओळखीची गच्च पकड जाणवली. "प्रतीक्षा"मधला शेवटचा अर्धा शब्द वाऱ्यावर गेला. एवढ्यात शेजारून एक हात आला आणि माझी कॉर्ड माझ्या बोटांतून काढून घेतली.

"जाय, पाणी पिऊन ये," सुशीला म्हणाली.

टिंग!

सुशीलाने मान वळवली नाही. दुसऱ्यांदा टिंग. तेव्हा ती तिथूनच, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली, "बाई, तिचा बोर्ड मी धरला आहे. एकही दिवा सुटून नाही राहिला. पाहून घ्या." पलीकडे पद्मा उठून सुशीलाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली, हात मोकळे करून. तिसऱ्यांदा घंटी वाजली नाही. मी मागच्या खोलीत गेले, पाणी प्यायले आणि भिंतीला जे सांगायचं ते सांगितलं. परत आले तेव्हा आवाज आला होता.

असा तो महिना निघाला. काही दिवस बरे, काही पार बिघडलेले. संध्याकाळी घरी जाताना ह्यांच्या सायकलवर मागे बसून मी हंऽऽ करत जायची, लोक बघायचे. "दादा" म्हटलं की अजून टिंग व्हायचं. मी दचकायची, पण वाक्य पुरं करायची.

मोठ्या बाईंचा हात

महिन्याच्या अखेरीस वादळाने कुठल्या कुठल्या लाइनी पडल्या आणि त्यातच चार-दोघी रजेवर. हॉलभर दिवेच दिवे. मोठ्या बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, टेबल सोडलं आणि माझ्या दुसऱ्या हाताला रिकाम्या बोर्डावर येऊन बसल्या. हेडफोन चढवला. हात जुना होता, कॉर्ड बघता बघता पळायला लागल्या. मी कौतुकाने बघत राहिले.

मग एक कॉल आला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. फक्त बाईंचं. "कृपया प्रतीक्षा करा." थोड्या वेळाने, "लाइन व्यस्त आहे, कृपया प्रतीक्षा करा." पुन्हा तेच. पुन्हा. चौथ्यांदा मी वळून पाहिलं. त्यांचा गळा हलला. काहीतरी गिळलं त्यांनी. मला ते चांगलं माहीत होतं. मग "कृपया" म्हणायला ओठ उघडले, आणि आवाज इतका बारीक निघाला की मलाच ऐकू आला.

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही, समोरच्या दिव्यांकडेच बघत होत्या.

"कुमुद," त्या म्हणाल्या, "जरा बोर्ड धरता?"

का म्हणून विचारायचं नाही, आणि नाही म्हणायचं नाही. मी हात लांब केला आणि त्यांची कॉर्ड घेतली. त्या उठल्या आणि मागच्या खोलीकडे, माठाकडे गेल्या. घंटीच्या टेबलाजवळ कोणी नव्हतं. आता मला पलीकडचं ऐकू आलं, तो माणूस ओरडतच होता.

"थांबा दादा," मी म्हटलं, पुऱ्या आवाजात, "मी बघून राहिले."